वाक्यात उपयोग करा

मिस थर्लवेलनी फळ्यावर दोन शब्द लिहिले.
फ्लिंच. क्वेल.
"दोन्हींच्या मुळाशी भीतीच," त्या म्हणाल्या,
"म्हणून एकाच्या जागी दुसरा चालेल असं समजू नका."
बाहेर हेरिंगना धुरी देण्याच्या शेडमधून धूर येत होता.
आम्ही अकरा जण,
सगळ्यांच्या स्वेटरला तोच वास.

पहिल्या शब्दासाठी राल्फ रटरला पुढे बोलावलं
आणि त्याच्या नाकासमोर फाडकन टाळी वाजवली.
पापण्या मिटल्या, मान मागे गेली,
वर्ग हसला.
"हे फ्लिंच. यात राल्फचा काही दोष नाही.
हे कातडीचं काम, मनाला कळायच्या आत उरकतं."
मग माझ्यासमोर वाजवली.
माझी पापणी लवली नाही.
बाकावर परतलो ते छाती काढून.

दुसऱ्या शब्दाला टाळी नव्हती.
बाई जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मागून कुणीतरी विचारलं, क्वेल म्हणजे पक्षी ना, बाई?
जवाच्या शेतात ओरडतो, दिसत मात्र नाही कधी?
"तो निराळा," त्या म्हणाल्या,
"पण दिसत नाही, हे लक्षात राहू दे."
आणि खाली खडूने लिहिलं: दोन्ही अकर्मक.

गृहपाठात मी मुद्दाम लिहिलं,
ट्रॅक्टर पाहून क्वेल उडाला.
लाल काट, शेजारी: पुन्हा लिहा.
लिहिलं नाही.

दहा वर्षांनी, फेब्रुवारीत,
लाइफबोट स्टेशनवरून दोन दारूचे बाण उडाले
आणि सगळं गाव उताराकडे धावलं.
बायका दोर ओढत होत्या कमरेएवढ्या पाण्यात.
लाट फुटली की राल्फ डोळे मिटायचा,
खांदे कानांशी न्यायचा,
आईवरून एक शिवी हासडायचा,
एक पाऊल पुढे.
पुन्हा लाट, पुन्हा डोळे, पुन्हा शिवी, पाऊल.
असा तो नावेत चढला.

मी ताठ उभा होतो.
तोंडावर पाणी आदळलं, मी बघतच राहिलो.
नाखवा आयझॅक स्ट्रॉथर ओरडला,
"ह्याच्याकडे बघा रे, खांबासारखा उभाय!"
खांबच होतो.
बेंबीखालून काहीतरी ओसरत चाललं होतं,
आवाज न करता,
वाळूवर मागे काही न ठेवता.
मी म्हणालो, जॅकेटचा बंद तुटलाय.

बंद धड होता.

माझ्या जागी गॅव्हिन टेट गेला.
एकोणीस वर्षांचा, हनुवटीवर चार केस.

पहाटे सगळे परत आले, डेन्मार्कचे चार खलाशी घेऊन.
कुणी बुडालं नाही.
गॅव्हिनची दोन बोटं दोराखाली चिरडली होती,
चहाचा मग त्याने डाव्या हातात धरला
आणि मला म्हणाला, गरम आहे, घे घोटभर.
बंदाबद्दल कुणी विचारलंच नाही.
घरी जाऊन मी तो सुरीने कापला.
आजतागायत कापलेलाच आहे.

आता आम्ही शहाऐंशीचे.
मंगळवारी राल्फकडे डॉमिनो खेळतो.
किटली बंद होताना खटका वाजतो,
तेवढ्यानेही तो दचकतो, स्वतःशीच हसतो.
"तुझी पापणी अजून लवत नाही रे," म्हणतो,
दर मंगळवारी, तितक्याच कौतुकाने.

बाईंचं वाक्य बरेच दिवस तयार आहे.
कर्ता आहे, क्रियापद आहे, फेब्रुवारीही आहे.
कर्म लागत नाही.
आज म्हटलं, सांगून टाकू.
"राल्फ, तो बंद…"
त्याने दोन-सहाची सोंगटी टेबलावर आपटली,
स्वतःच्याच आवाजाने डोळे मिटले,
आणि उघडून म्हणाला, "कुठला बंद?"

मी सोंगट्या चाळवत बसलो.
लावण्याजोगी एक होती माझ्याकडे.
म्हणालो, पास.